दोन कॅमेरे आणि कुरकुरणारा गुडघा

प्रश्न : मी संगमनेरला माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. सुट्टी मिळाली की हरिश्चंद्रगड, रतनवाडी, भंडारदरा हा फिरण्याचा टापू. आजवर मोबाइलवर भागवलं, आता सेकंडहँड डीएसएलआर घ्यायचाय. दोन नग बघून ठेवलेत. निकॉन डी७२००, १८-१४० लेन्ससह ४२ हजार. कॅनन ८०डी, १८-१३५ लेन्ससह ४९ हजार. एकूण बजेट ७० हजार. गडावरची सकाळ-संध्याकाळ, पावसाळी ढग, कातळावरची फुलं, जूनच्या तोंडावरचे काजवे आणि वर्षातून एखादी पक्ष्यांसाठी भिगवणची फेरी, एवढी हौस आहे. दुकानदार निकॉन घ्या म्हणतो, भाचा म्हणतो आता मिररलेसच, म्हणजे आतल्या आरशाविनाचा कॅमेरा. मला चष्मा आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. काय करू?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : सर, पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. चष्मा आणि गुडघा. मेगापिक्सेलचं विचारलं नाहीत ते उत्तम, कारण तिथे भांडणच नाही. दोघांचेही २४.२.

आधी भाच्याचं मिटवू. तो चुकीचं सांगत नाही. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, पुढचं सगळं मिररलेसमध्येच चाललंय. पण त्यामुळेच लोक जुन्या बॉड्या आणि लेन्सेस धडाधड विकायला काढतायत, आणि तुमच्या ७० हजारांत कॅमेऱ्यासोबत आणखी एखादी चांगली लेन्स बसते. शिवाय डीएसएलआरची बॅटरी मिररलेसपेक्षा जास्त टिकते. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीत डी७२००ची एका चार्जमध्ये १,११० फोटोंची नोंद आहे, ८०डीची ९६०. पायथ्याच्या पाचनईतून हरिश्चंद्रगडावर दोन रात्री मुक्कामाला जाणाऱ्या माणसाने खिशात एक जादा बॅटरी टाकली की चार्जिंगसाठी कुणाचे उंबरे झिजवायला नकोत. भाच्याला पुढच्या कॅमेऱ्याच्या वेळी बोलवा.

आता दुकानदार. निकॉनची बाजू एका ठिकाणी खरोखर भक्कम आहे, ती नीट समजून घ्या. तुम्ही संध्याकाळी कोकणकड्यावर उभे आहात. सूर्य समोर कोकणात उतरतोय, आकाश पेटलंय आणि पायापुढचा काठाचा कातळ काळा ठिक्कर पडलाय. आकाश जळू नये म्हणून एक्सपोजर कमी ठेवलं की कातळ अंधारात जातो. मग घरी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडून त्या सावल्या वर ओढायच्या. इथे डी७२००चा सेन्सर दिलदार आहे. सेन्सर तपासणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत त्याची डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच फोटोत उजेड आणि सावली दोन्ही पकडायची ऐपत, १४.६ स्टॉप भरते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), ८०डीची १३.२. सव्वा स्टॉपाहून जास्त फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसतो : निकॉनच्या फाइलमध्ये कातळाचा खडबडीतपणा बाहेर येतो, कॅननमध्ये त्याच जागी दाणे लवकर उठतात. मात्र हा फरक आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १००चा. आयएसओ वाढवत नेला की तो आटत जातो, म्हणजे ढगाळ जंगलात किंवा रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. आणि त्याला तोडही आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून ब्रॅकेटिंग लावा, कमी-जास्त एक्सपोजरचे तीन फोटो घ्या, नंतर जोडा. पावसाळ्यात ढग पळत असतात, जोडताना थोडी कटकट होते. पण होतं.

गुडघ्याला मात्र ब्रॅकेटिंग नाही.

डी७२००चा स्क्रीन बॉडीला पक्का चिकटवलेला आहे. ८०डीचा बाजूला उघडतो, हवा तसा फिरतो आणि बोट लावलं की तिथे फोकस करतो. दुकानाच्या काउंटरवर ही चैन वाटते. ऑगस्टमध्ये कातळावर सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा दिसला की मग कळतं. ते रोप वीतभर, बुडाशी पाण्याचा पापुद्रा. वरून उभ्याने फोटो काढला तर नुसते जांभळे ठिपके येतात. फुलाच्या बरोबरीला उतरलं तरच मागे डोंगर आणि ढग मिळतो. निकॉनने हे करायचं म्हणजे पोटावर पालथं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा : शर्ट भिजलेला, चष्म्यावर वाफ, आणि छातीखाली चार फुलं चिरडलेली, ती वेगळीच. त्याऐवजी स्क्रीनवर बघून काढू म्हणालात, तर चिकटलेल्या स्क्रीनसाठी मान तेवढीच खाली न्यावी लागते, शिवाय डी७२००चा लाइव्ह व्ह्यूमधला फोकस मागे-पुढे शोधत बसतो. ८०डीमध्ये ड्युअल पिक्सेल नावाची व्यवस्था आहे, फोकसचं काम सेन्सरवरचे पिक्सेलच करतात, त्यामुळे तो झटकन बसतो. उकिडवं बसून, कॅमेरा जमिनीलगत धरून, स्क्रीन वर वळवला की झालं. उकिडवं बसणंही जड जात असेल तर छोटा ट्रायपॉड आणि घडीचं स्टूल.

चष्म्याचंही तसंच. व्ह्यूफाइंडरपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चौकट दिसते, याला आयपॉइंट म्हणतात. ८०डीचा सुमारे २२ मिमी, डी७२००चा १९.५. अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. चष्मा लावून दोन्ही कॅमेरे आळीपाळीने डोळ्याला लावा आणि चारही कोपरे एकदम दिसतात का बघा. दुकानदाराला चष्मा नसेल तर हे त्याच्या कधी लक्षातही आलेलं नसणार.

बाकीचं भराभर. भिगवणला निकॉनचे ५१ फोकस पॉइंट (त्यातले १५ क्रॉस टाइप) आणि कॅननचे ४५, सगळे क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारे. सेकंदाला ६ फोटो आणि ७ फोटो. उजनीच्या पाण्यावर सकाळच्या चांगल्या उजेडात उडत्या रोहित पक्ष्यांना दोन्ही पुरतात. निकॉनला कार्डाचे दोन खाचे आहेत, शटरही दीड लाख क्लिकचं, कॅननचं एक लाखाचं. हे लग्नाचे फोटो काढणाऱ्याला महत्त्वाचं, तुम्हाला एक लाख क्लिक पुरवायला बरीच वर्षं लागतील. पावसाचं म्हणाल तर दोन्ही बॉड्यांना जोडांमध्ये बंदिस्ती आहे, पण ती शिंतोड्यांपुरती. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बहुतेक किट लेन्सना तेवढीही नसते. माळशेजच्या पावसात कॅमेरा उघडा धरून ‘वेदरसील्ड आहे’ म्हणणारे नंतर माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर भेटतात. एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि रबरबँड, एवढं पुरे.

तेव्हा माझं मत ८०डी. उरलेल्या २१ हजारांतून आधी कॅननची ५५-२५० एसटीएम सेकंडहँड बघा. ३७५ ग्रॅमची लेन्स, कॅननच्या १.६ क्रॉपमुळे (सेन्सर लहान, म्हणून दृश्य तेवढ्या पटीने जवळ येतं) लांबचं टोक ४०० मिमीसारखं वागतं, आणि भिगवणचे नाववाले बऱ्यापैकी जवळ नेतातच. निकॉनवाले मित्र तुम्हाला २००-५०० ची भुरळ घालतील. लेन्स उत्तम आहे, पण वजन २ किलो ३०० ग्रॅम, आणि तुमचा गुडघा गड चढणार आहे. त्यानंतर पैसे उरले किंवा साठले की टोकिनाची ११-१६ एफ/२.८, रुंद दृश्य आणि भरपूर उजेड घेणारी लेन्स. काजव्यांना ती लागेल : कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस उजेड असतानाच लावून हाताने पक्का केलेला, तीस-तीस सेकंदांचे फोटो ओळीने घ्यायचे आणि घरी एकावर एक जोडायचे. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःशी खेळत बसतो. आणि टॉर्च बंद. काजवे उजेडाला बिचकतात, शेजारचे फोटोवालेही.

पण हे सगळं तो विशिष्ट नग धड असेल तर. निकॉनमध्ये शटर किती वेळा पडलं हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, शेवटची मूळ फाइल मागून कुणीही वाचू शकतो. ८०डी तो आकडा फाइलमध्ये लिहीत नाही, त्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. विक्रेता तयार नसेल तर अंगावरच्या खुणा बघा. वर फ्लॅश बसवायच्या पट्टीचा रंग घासून धातू उघडा पडला असेल तर कॅमेरा मांडवात राबलेला आहे. मेनूत बॅटरीची माहिती उघडा, रिचार्ज परफॉर्मन्सचे तीन हिरवे ठोकळे हवेत. लेन्सचं छिद्र एफ/१६ एवढं बारीक करून आकाशाचा फोटो काढा, डाग उठले तर सेन्सर साफ करायचा खर्च धरा. आणि ज्या स्क्रीनसाठी आपण हा कॅमेरा घेतोय तो चालू ठेवून हळूहळू पूर्ण फिरवा. एखाद्या कोनात चित्र लपलपलं तर आतली चपटी वायर मरायला टेकलीये. तसं झालं तर निमूट निकॉन घ्या आणि वाचलेल्या सात हजारांतून थोडे बागकामाच्या गुडघ्याखालच्या गादीवर घाला.

प्रश्न : आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पक्षी आणि फुलपाखरं पुष्कळ. काकांचा जुना डीएसएलआर आणि दोन लेन्सेस मिळाल्यात, पण एकीत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं. बॉडी नवी घ्यावी की हीच वापरावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ते पांढरं म्हणजे बुरशी. बॉडीचा निर्णय नंतर. आधी लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत कळणारही नाही, वापरा. मधोमध पसरली असेल तर सूर्यासमोर फोटो फिकट, दुधाळ येतील. दुरुस्तीवाला उघडून साफ करून देईल, पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. साधी किट लेन्स असेल तर साफसफाईचा दर ऐकून तुम्ही तशीच दुसरी घ्याल.

फोंड्याच्या पावसाळ्यात नवी बॉडी आणलीत आणि त्याच कपाटात ठेवलीत तर तिचंही हेच होणार. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचे दाणे ओल प्यायले की रंग बदलतात, गरम करून सुकवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. नारिंगी मिळाले तर तेच घ्या. काकांची चामड्याची केस मात्र डब्याबाहेर, तिच्यात बुरशीला खायला भरपूर. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तांदूळ घ्या आणि भात करा. तांदळाचा भुगा लेन्सच्या रिंगमधून काढायला मला फार वेळ लागतो.

काकांची बॉडी चालू आहे ना? मग यंदा तीच.

प्रश्न : ताडोब्यासाठी निकॉन डी५०० की कॅनन ७डी मार्क टू? दोन्ही जुनेच घेणार.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : डी५००. दोघांचा वेग सेकंदाला १० फोटो आणि मेगापिक्सेलही २०च्या घरात, पण कॅनन २०१४चा आहे, निकॉन २०१६चा, आणि त्या दोन वर्षांत सेन्सर बराच पुढे गेला. वाघ रस्त्यावर येतो तो बहुतेक सकाळच्या पहिल्या किंवा संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात, तेव्हा आयएसओ वर न्यावाच लागतो. १५३ फोकस पॉइंट जवळजवळ पूर्ण चौकटभर पसरलेत, त्यामुळे वाघ फ्रेमच्या कडेला असला तरी फोकस सुटत नाही.

एकच अडचण. डी५००चा एक खाचा एक्सक्यूडी कार्डाचा आहे आणि ती कार्डं आता शोधावी लागतात. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की त्यात सीएफएक्सप्रेस टाइप बी हे नवं कार्डही चालतं, तेव्हा विक्रेत्याकडे असतानाच फर्मवेअर तपासा. दुसऱ्या खाचेत साधं एसडी बसतंच.

तुमच्याकडे आधीच कॅननच्या मोठ्या लेन्स असतील तर वरचं सगळं विसरा आणि ७डी घ्या. मे महिन्यात जिप्सीत बसून लेन्स बदलू नका, ताडोब्याची धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोत आकाशाला देवी आल्यासारखी दिसते. मोठी लेन्स बसवूनच गेटातून आत जा, आणि रिकामी बीनबॅग नेऊन आत भरायला किलो-दोन किलो डाळ मोहर्लीलाच घ्या.