‘व्रणरोपण’ की ‘ओरखडा भरणे’?

प्रश्न असा आहे : पेशींच्या थरात फट पाडून ती कशी भरते ते पाहण्याच्या ‘वूंड हीलिंग ॲसे’ या प्रयोगाला मराठीत ‘व्रणरोपण चाचणी’ म्हणावे का, आणि ‘सेल मायग्रेशन’ला ‘पेशींचे स्थलांतर’ चालेल का?

‘व्रणरोपण’ शब्दाला मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत जखमेचे शोधन आणि रोपण सांगितले आहे; रोपण म्हणजे जखम भरून आणणे. पण आज रोपण म्हटले की झाडे लावणे आठवते, आणि बोलण्यातला व्रण म्हणजे जखम बरी झाल्यावर मागे राहिलेली खूण. वाचणारा चकणार, म्हणून मी हा शब्द वापरणार नाही.

मुळात इथे जखम असते का? प्लास्टिकच्या तबकडीत पेशी एकमेकींना खेटून वाढतात, तळाशी त्यांचा एकपदरी थर होतो. पिपेटची (द्रव मोजून घेण्याच्या नळीची) पिवळी टिप त्या थरावरून एका दमात सरळ ओढायची. वाटेतल्या पेशी सोलून निघतात, काठाला पापुद्रे लोंबतात. ते बफरने, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, धुऊन टाकायचे. तबकडीच्या पाठीवर मार्करने रेघ मारून ठेवायची, म्हणजे उद्या सूक्ष्मदर्शकाखाली तीच जागा सापडते. रक्त नाही, सूज नाही, खपली धरत नाही. म्हणून ‘जखम’पेक्षा ‘ओरखडा’ खरा. इंग्रजीतही याला ‘स्क्रॅच ॲसे’ म्हणतातच.

‘भरणे’ मात्र मला फार आवडते. ‘मी जखम भरली’ असे आपण म्हणत नाही. ती आपली आपण भरून येते. तबकडीतही तेच, दोन्ही काठ एकमेकांकडे येतात. समजा 800 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट 12 तासांत 300 वर आली, तर प्रत्येक काठ 250 मायक्रॉन पुढे आला, म्हणजे तासाला साधारण 21. पण फट पेशींच्या विभाजनानेही भरते. म्हणून पेशींना वाढायला लावणारे सीरम कमी करतात किंवा मायटोमायसिन-सी हे औषध देऊन विभाजन रोखतात. मग मोजले जाते ते मुख्यतः सरकणेच.

हो, ‘सरकणे’! काठावरची पेशी पुढे पातळ पदर पसरते, तो तळाला चिकटवते आणि मागचे टोक सोडवून घेते. याला ‘स्थलांतर’ म्हटले की गाव सोडून निघाल्यासारखे वाटते. गर्भातल्या चेताशिखेच्या (न्यूरल क्रेस्ट, पाठीकडच्या बाजूला होणारा पेशींचा पट्टा) पेशी दूर जाऊन त्वचेच्या रंगपेशी होतात, तिथे ‘स्थलांतर’ अगदी चपखल. पाठ्यपुस्तकाच्या मथळ्यालाही तो चालेल. ओरखड्याचे वर्णन करताना मात्र पेशी सरकल्या असेच लिहावे.

याच कुळातला दुसरा प्रयोग बॉयडन या शास्त्रज्ञांच्या कक्षाचा, 1962 सालचा. त्यांनी तो पांढऱ्या पेशींसाठी केला होता. वर पेशी, खाली त्यांना ओढून घेणारे रसायन, मध्ये सच्छिद्र पडदा. आता अनेक पेशींसाठी 8 मायक्रॉनची छिद्रे घेतात. त्यातून पेशी अंग चोरून खाली उतरतात. इथे ‘झिरपणे’ नको. झिरपते ते पाणी, त्याला स्वतःची हालचाल नसते. ‘आरपार जाणे’ म्हणावे. पडद्यावर जेलचा थर दिला तर पेशींना तो पोखरून जावे लागते. त्या ‘इन्व्हेजन’ला ‘आक्रमण’ म्हणण्याचा मोह होतो, पण आक्रमण उघड, दणक्यात होते. कर्करोगाच्या पेशी करतात तो शिरकाव.