उभ्या वर्तुळात दोरीचा ताण काढताना एमजी (म्हणजे वजन) कधी मिळवायचं आणि कधी वजा करायचं?

तू लिहिलंयस की लातूरला नीटची तयारी चालू आहे आणि दोरीला बांधलेल्या दगडाच्या गणितात दरवेळी चिन्ह चुकतं. मी परभणीत बारावीला फिजिक्स शिकवते. माझ्या वर्गातही मुलं नेमकी इथंच अडतात. आकृतीत ताण आणि वजन दाखवून झालं की एमव्ही स्क्वेअर बाय आर (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) हा तिसरा बाण काढतात. तो खोडून टाक. दगडावर बल लावणारे दोघंच, दोरी आणि पृथ्वी. त्यांच्या बलांची केंद्राच्या दिशेनं जी बेरीज येते, ती एमव्ही स्क्वेअर बाय आर एवढी असते.

दगड तळाशी असताना केंद्र वर असतं, म्हणून ताण वजा एमजी. माथ्यावर केंद्र खाली असतं आणि दोन्ही बलं तिकडंच ओढतात, म्हणून ताण अधिक एमजी. सूत्र पाठ करायचं कामच राहत नाही.

आता हे बघ. अर्ध्या किलोचा गोळा, 1 मीटर दोरी, 25 न्यूटनला तुटणारी. जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, 10 धर. तळाशी ताण 25 झाला की वजनाचे 5 गेले, उरले 20. म्हणजे वेगाचा वर्ग 40, वेग सुमारे 6.3 मीटर प्रतिसेकंद. बरीच मुलं इथं पेन खाली ठेवतात. पण गोळा पूर्ण फेरी मारेल का? माथ्यावर दोरी सैल पडू नये म्हणून वेगाचा वर्ग किमान जीआर, म्हणजे 10 हवा. माथा तळापेक्षा 2 आर उंच, म्हणून ऊर्जेच्या हिशोबानं तळाशी त्यात 4 जीआर मिळव, 50 झाले. तेवढ्या वेगाला तळाचा ताण 30 न्यूटन, वजनाच्या सहापट! ही दोरी त्याआधीच तुटते. परीक्षेत मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्यात ताण आणि ऊर्जा दोन्ही कळल्याशिवाय उत्तर येत नाही.

आता आडवं वर्तुळ. ज्वारीची राखण करताना डोक्यावर गोफण फिरवलेली पाहिली असशील. 100 ग्रॅमचा दगड, 0.8 मीटर त्रिज्या, वेग 12 धरला तर दोरीवर सुमारे 18 न्यूटन येतात आणि दगडाचं वजन जेमतेम 1. म्हणून दोरी जवळपास आडवी दिसते. पूर्ण आडवी मात्र कधीच होत नाही, कारण ते 1 न्यूटन उचलायला ताणाचा थोडा भाग वरच्या दिशेनं लागतोच. वेग दुप्पट केला तर ताण जवळपास चौपट.

अशा आडव्या वर्तुळाच्या गणितात दोरीची लांबी आणि उभ्या रेषेशी कोन थीटा दिला असेल, तर त्रिज्येच्या जागी लांबी टाकू नकोस. लांबी गुणिले साइन थीटा घे.