क्षमा मिळाली आहे. आता सेमिनरीत जाता येईल का?

प्रश्न : आदरणीय फादर, माझे वय ३१ वर्षे असून मी वसई तालुक्यात आमच्या वाडीत आई आणि धाकट्या भावासोबत राहतो. एकोणिसाव्या वर्षी मला दारूचे आणि त्यापाठोपाठ जुगाराचे व्यसन लागले. माझे कर्ज फेडण्यासाठी आईला वाडीचा एक तुकडा विकावा लागला. लग्नाच्या एका मांडवात झालेल्या मारामारीत माझ्या हातून एका शेजाऱ्याचे डोके फुटले, त्याला टाके पडले आणि पोलिसांत तक्रार झाली. ती पुढे तडजोडीने मिटली. सव्विसाव्या वर्षी मी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून वाचलो, उपचार घेतले, आणि गेली चार वर्षे दारूला स्पर्श केलेला नाही. पापनिवेदन करून मी क्षमा मिळवली आहे. दीड वर्षापासून धर्मगुरू व्हावे असे मनापासून वाटते. परंतु गावात सर्वांना माझा भूतकाळ ठाऊक आहे, आणि आई म्हणते की मी जबाबदारीपासून पळ काढत आहे. माझ्यासारख्याला सेमिनरीत घेतील का? सगळे सांगावे लागेल का?
— नाव प्रसिद्ध करू नये

उत्तर : प्रिय बंधू, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि त्यात एकाही ठिकाणी तुम्ही दोष दुसऱ्यावर ढकललेला नाही, हे मला सर्वप्रथम जाणवले. तुमच्या भूतकाळामुळे दार कायमचे बंद झालेले नाही. मात्र ते उघडेलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही, कारण पाचारण (धर्मगुरू होण्यासाठी देवाचे बोलावणे) आहे की नाही हे उमेदवार एकटा ठरवत नाही. ख्रिस्तसभेच्या वतीने बिशप महोदय ते ठरवतात आणि त्यासाठी त्यांना अनेक वर्षे तुम्हाला पाहावे लागते.

तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे आणि तो अनेकांचा असतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पापनिवेदनात पापाची क्षमा होते आणि ती पूर्ण होते. त्याविषयी मनात तिळमात्र शंका ठेवू नका. परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्यात काही कृत्ये अशी सांगितली आहेत की, त्यांची क्षमा झाल्यानंतरही गुरुदीक्षेच्या, म्हणजे धर्मगुरुपद मिळण्याच्या, आड येणारा अडथळा शिल्लक राहतो आणि तो दूर करण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. १९८३ च्या कायदासंहितेतील कलम १०४१ मध्ये ही यादी आहे. जाणूनबुजून केलेला मनुष्यवध, घडवून आणलेला गर्भपात, स्वतःला किंवा दुसऱ्याला दुष्ट हेतूने गंभीरपणे विकलांग करणे आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा तीत समावेश आहे. हा अडथळा म्हणजे शिक्षा नव्हे. वेदीचे पावित्र्य आणि लोकांचा विश्वास यांच्या रक्षणासाठी घातलेली ती मर्यादा आहे, आणि अशा नियमाची माहिती नव्हती म्हणून ती कोणाला चुकत नाही.

यातील शेवटची बाब तुम्हाला लागू होते. ती वाचून घाबरू नका. हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेले नसेल, तर यातून सूट देण्याचा अधिकार स्वतः बिशप महोदयांना आहे. गेलेले असेल तर ती सूट रोमहून, परमधर्मपीठाकडून यावी लागते. म्हणून तेव्हाची कागदपत्रे आणि उपचारांचे दाखले नीट जपून ठेवा. मनावर मोठा आघात झालेला असताना, आजारपणात एखाद्याने असे पाऊल उचलले असेल, तर त्याची जबाबदारी किती धरायची याचाही विचार होतो, आणि त्यात डॉक्टरांचे म्हणणे मोलाचे ठरते. मारामारीत शेजाऱ्याला पडलेले टाके हे कायद्याच्या भाषेतील विकलांग करणे नव्हे, असे मला वाटते, तरी तोही निर्णय कायदा जाणणाऱ्या धर्मगुरूंवर सोडा. आणि एक विनंती कळकळीने करतो : जीव देण्याचे विचार पुन्हा कधी डोकावले, अगदी सेमिनरीत असतानाही, तर ते लपवू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आता दारूविषयी. मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला प्याल्यातील द्राक्षारस घ्यावाच लागतो. व्यसनातून सुटलेल्या माणसाला तेवढा घोटही घातक ठरू शकतो, म्हणून १९९५ मध्ये रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने असे कळवले होते की, मद्यपानाचा विकार असलेल्यांना दीक्षेसाठी घेऊ नये. २००३ च्या जुलैमध्ये त्याच मंडळाने, त्या वेळचे कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीने, नवे पत्र काढले. त्यात सरसकट मनाई नाही. ज्यांना मद्यार्क घेतल्याने गंभीर अपाय होतो अशांना दीक्षा देण्यापूर्वी अतिशय सावधगिरी बाळगावी, असे म्हटले आहे. त्याच पत्रानुसार बिशप महोदय एखाद्या धर्मगुरूला आंबवण थांबवलेला, पण गुणधर्म न बदललेला ताजा द्राक्षांचा रस वापरण्याची परवानगी देऊ शकतात. तेव्हा वाट आहे, परंतु ती चिंचोळी आहे. तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे काळ. चार वर्षे पुष्कळ आहेत, तरी माझ्या मते अजून एक वर्ष घरी, गावात, ओळखीच्या माणसांमध्ये, लग्ना-बारशांच्या मांडवांत न पिता काढा आणि मग अर्ज करा. एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे व्यसनातून सुटणाऱ्यांचा परस्पर आधारगट) च्या सभांना जात असाल तर त्या सोडू नका, आणि जात नसाल तर सुरू करा. सेमिनरीच्या भिंतीआड दारू मिळत नाही म्हणून सुटलेले व्यसन नेमणुकीच्या पहिल्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), एकटेपणाच्या एखाद्या रात्री, परत येऊ शकते. तसे पाहिल्याचे दुःख मला आहे आणि म्हणून इतके स्पष्ट लिहितो आहे.

सगळे सांगावे लागेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पापनिवेदनात जे सांगितले त्याची गुप्तता अभेद्य आहे. ते ऐकणारे धर्मगुरू ती माहिती कुठेही वापरू शकत नाहीत. उमेदवाराला दीक्षा द्यावी की काढून टाकावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांचे आणि पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे मत विचारता येत नाही, असा नियमच आहे (कलम २४०). याचा अर्थ नीट ध्यानात घ्या : क्षमा देताना फादरांना जे कळले, ते निर्णय घेणाऱ्यांना कळलेले नसते. म्हणून व्यसन, उपचार, पोलीस तक्रार, कर्ज आणि जीव देण्याचा प्रयत्न या गोष्टी तुम्ही स्वतः, पापनिवेदनाच्या बाहेर, पाचारण विभागाच्या संचालकांना आणि पुढे रेक्टरांना (सेमिनरीच्या प्रमुखांना) सांगायला हव्यात. अंतःकरणातील प्रत्येक पापाचा तपशील मात्र त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि तो कोणी विचारूही नये. मानसशास्त्रीय तपासणी होईल. तीसाठी तुमची संमती लागते, आणि ती मोकळ्या मनाने द्या.

गावाला ठाऊक आहे, ही गोष्ट तुम्ही अडचण म्हणून लिहिली आहे. मला ती तुमच्या सोयीची वाटते. दीक्षेपूर्वी उमेदवाराचे नाव चर्चमध्ये जाहीर करून काही अडथळा माहीत असल्यास कळवावे, असे लोकांना सांगण्याची पद्धत आहे, आणि असे अडथळे कळवणे हे भाविकांचे कर्तव्य आहे. ज्याने सारे आधीच सांगितले आहे त्याला त्या दिवसाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. ज्या शेजाऱ्याचे डोके फुटले त्याच्याशी तुमचे आज बोलणे आहे का, हे पत्रातून कळत नाही. नसेल, तर अर्जाआधी त्याच्या दारात जा.

अशा प्रश्नावर, तरुणपणी स्वैर जगून नंतर पालटलेले संत ऑगस्टीन यांचे नाव हमखास निघते. मी मात्र तुम्हाला संत कॅमिलस दे लेलिस यांच्याविषयी वाचायला सांगेन, कारण त्यांचे व्यसन जुगाराचे होते. १५५० साली इटलीत जन्मलेला हा सैनिक सर्वस्व हरून भिकेला लागला. पायाच्या जखमेसाठी रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात राहून काम करत असताना जुगार आणि भांडणे यांपायी त्याला तिथून काढून टाकले गेले. फेब्रुवारी १५७५ मध्ये त्याचे मन पालटले, परंतु कपुचिन या संन्यस्त संघात त्याचा निभाव लागला नाही. जखम पुन्हा चिघळली आणि त्याला परत पाठवण्यात आले. तो त्याच रुग्णालयात आला, रुग्णांची सेवा करत पुढे तिथला व्यवस्थापक झाला, तिशी उलटल्यावर मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला आणि १५८४ मध्ये धर्मगुरू झाला. ज्या संस्थेने त्याला हाकलले होते तिथेच त्याला पुन्हा विश्वास मिळवावा लागला, हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो.

राहिला आईचा प्रश्न. तिच्या बोलण्यात राग असेल, पण त्यात एक खरी शंका आहे आणि तुमची परीक्षा घेणारेही तीच विचारतील. धर्मगुरुपद हे केलेल्या पापांची भरपाई म्हणून स्वीकारायचे नसते. ती भरपाई प्रभू येशूने क्रुसावर केली आहे. अपराधाच्या ओझ्याखाली दबून वेदीपाशी आलेला माणूस लोकांना क्षमेची सुवार्ता सांगताना स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवू शकत नाही. स्वतःला विचारा : वाडी विकली गेली नसती, गावाने कधी बोटे दाखवली नसती, तरीही मला लोकांना मिस्सा द्यायची, आजाऱ्यांपाशी बसायचे, अविवाहित राहायचे असते का? याचे उत्तर ‘होय’ असे येत असेल, तर पुढे बोलू. आणि वाडीचे पैसे? ऋण फेडता येत नसलेल्यांना घेऊ नये, असे संन्यस्त संघांसाठीच्या कलम ६४४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. धर्मप्रांताचा धर्मगुरू व्हायचे असले तरी त्यामागचा विचार तुम्हालाही लागू पडतो. आईच्या म्हातारपणाची आणि भावाची व्यवस्था लावून या. काही रक्कम तरी तिच्या हाती ठेवा.

वयाची चिंता करू नका. पूर्वतयारीचे वर्ष-दोन वर्षे, तत्त्वज्ञानाची किमान दोन आणि ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) किमान चार वर्षे धरली, तर चाळिशीच्या आसपास तुम्हाला दीक्षा मिळू शकते. २०२२ मध्ये संत म्हणून घोषित झालेले शार्ल द फुको तरुणपणी श्रद्धा गमावून उधळेपणाने जगले होते आणि त्यांना १९०१ मध्ये, ४२ व्या वर्षी गुरुदीक्षा मिळाली.

येत्या महिन्यात आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंची वेळ मागून घ्या आणि मला जे लिहिले तेच त्यांना तोंडाने सांगा. आईला सोबत नेऊ नका, पण कुठे आणि कशासाठी चालला आहात हे निघण्यापूर्वी तिला सांगा, आणि ती जे म्हणेल ते मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्या.