वडिलांची नोकरी गेली. मुलीने कॉम्प्युटर शाखा घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

हिंजवडीतील एका आयटी कंपनीत चौदा वर्षे काम करून डिलिव्हरी मॅनेजर झालेल्या आपल्या यजमानांना राजीनामा लिहून देण्यास सांगितले गेले, आणि त्याच महिन्यात मुलीचा सीईटीचा निकाल लागला, असे आपण कळवले आहे. तिला अभियांत्रिकीची कॉम्प्युटर शाखाच हवी आहे. नातेवाईक मात्र ‘वडिलांचे काय झाले ते पाहूनही?’ असे विचारत आहेत.

नातेवाइकांच्या प्रश्नात एक गफलत आहे. आयटी सेवा कंपनीची कमाई मुख्यतः ग्राहकाच्या प्रकल्पावर किती माणसांचे बिल लागते यावर चालत आली आहे. त्यामुळे खाली कमी पगाराच्या नवख्यांचा रुंद थर आणि वर देखरेख करणारे मोजके लोक अशी तिची रचना असते. पंधरा वर्षांत माणसाचा पगार वाढतो, ग्राहक दर त्या प्रमाणात वाढवून देत नाही, आणि प्रत्यक्ष कोडपासून दूर जाऊन केवळ समन्वय साधणारा मधला माणूस हिशेबात महाग ठरू लागतो. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० जणांची, म्हणजे दोन टक्के मनुष्यबळाची, कपात जाहीर केली, तेव्हाही रोख प्रामुख्याने मधल्या व वरिष्ठ पातळीवर होता. यजमानांच्या कर्तबगारीवर हा निकाल नाही, हे कृपया घरात मोठ्याने बोलले जावे. मुलगी ऐकत असते.

तिच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. फ्रेशरचे वार्षिक पॅकेज या कंपन्यांत कित्येक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे, आणि साधे कोड किंवा चाचण्या लिहिण्याचे काम, ज्यावर नवखे आजवर हात बसवत, ते आता एआयची साधने बरेचसे उरकतात. म्हणून शाखेच्या नावापेक्षा ती कोणत्या खर्चात शिकते हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. व्यवस्थापन कोट्यातून लाखो रुपये भरून, तेही घरातील एकमेव पगार थांबलेला असताना, कॉम्प्युटरची जागा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अथवा इलेक्ट्रिकल मिळत असेल, तर ती जागा घ्यावी. प्रोग्रॅमिंग तिथूनही उत्तम शिकता येते, आणि गणित पक्के असलेल्या विद्यार्थ्याला शाखेची भिंत फारशी अडवत नाही. तिला गणित मनापासून आवडते की कॉम्प्युटर हे केवळ मैत्रिणींचे ठरले म्हणून हवे आहे, हे मात्र आपल्या पत्रातून कळत नाही. ते तिलाच विचारावे.

यजमानांनी राजीनामा अद्याप दिला नसेल, तर भरपाईची रक्कम लेखी हाती येण्यापूर्वी आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवण्यापूर्वी सही करू नये. सही झाली असली, तरी पाच वर्षांहून अधिक सलग सेवेमुळे ग्रॅच्युइटीचा हक्क राहतोच. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी शेवटच्या दिवसाआधी घ्यावी.

कॅपचा पर्याय-अर्ज भरताना पहिल्या पसंतीचे नियम नीट वाचावेत; पहिल्याच क्रमांकाची जागा मिळाली की बहुधा ती स्वीकारावीच लागते, त्यामुळे फी परवडणार नाही असे महाविद्यालय वरच्या क्रमांकांवर लिहू नये.