डेलिलीचा गड्डा फोडायला दसऱ्यापर्यंत थांबा

ताई, तुमचं डेलिलीचं फुलझाड सहा वर्षं हलवलेलं नाही, पात भरघोस आणि यंदा फुलांचे दांडे दोनच म्हणालात, म्हणजे गड्डा दाटलाय. नुसतं खत वाढवून फुलं येणार नाहीत, गड्डा फोडून फुटवे वेगळे करावेच लागतील. पण नेरुळच्या या जुलैच्या पावसात हात लावू नका. मी ठाण्यात एका श्रावणात घाई केली होती. बारापैकी सात फुटवे आठवड्यात बुडाशी मऊ पडले, पात ओढली की हातात यायची, वास सडक्या कांद्यासारखा. फार हळहळले. तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकायला उसंतच मिळत नाही. दसरा झाला, पाऊस ओसरला की काढा, तेही उन्हं उतरल्यावर.

आदल्या दिवशी पाणी द्या, पात वीतभर ठेवून छाटा. कुदळ गड्ड्यापासून थोडी लांब, चारही बाजूंनी मारा आणि गड्डा अख्खा उचला. मग पाईपच्या धारेखाली माती पूर्ण धुवा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ दे. माती गेली की शतावरीसारखी फुगीर मुळं दिसतात आणि कुठला फुटवा कुठे जोडलाय ते कळतं. दोन्ही हातांनी हलवत सोडवा. मधला जुना, टणक भागच तेवढा सुरीने कापा. एकेकटा फुटवा जगतो, पण फुलायला वेळ लावतो, म्हणून दोन-तीन एकत्र ठेवा. पोकळ, काळपट मुळं काढून टाका. कापल्या जागी मी लाकडाची राख लावते आणि रात्रभर सावलीत पसरून ठेवते.

खड्ड्यात मातीचा उंचवटा करून त्यावर मुळं पसरा. पान आणि मूळ जुळतं तो पांढरा भाग इंचभरच मातीखाली हवा. खोल गेला की फुलं कमी येतात. अशा दोन झुबक्यांत दीड फूट अंतर. भरावाची चिकट माती असेल तर वाफा उंच करा, शेणखत चांगलं कुजलेलंच घाला. पहिल्या वर्षी फुलं कमी आली तर घाबरू नका.

उरलेले फुटवे सोसायटीत वाटणार म्हणालात, जरूर वाटा. फक्त ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांना देऊ नका. डेलिलीचं पान, फूल, अगदी परागही मांजराच्या पोटात गेले तर मूत्रपिंडं निकामी होतात. तुमच्या अंगणात मांजरं येत असतील, तर वाफ्याला जाळी लावाच.