दुसऱ्याच चालीला पाठांतर संपतं तेव्हा

"घरी सगळं पाठ असतं, स्पर्धेत मात्र डोकं रिकामं होतं." बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे पालक हे इतक्यांदा सांगतात, की एका मुलीबद्दल लिहायचं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चौदा वर्षांची. काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचाव (सुरुवातीच्या चालींचा एक ठरलेला क्रम), त्यातलं नायडॉर्फ (त्याचाच एक पुढचा फाटा) तोंडपाठ. पण समोरच्याने दुसऱ्याच चालीला प्यादं सी-३ या घरात आणलं (या वेगळ्या वाटेला अलापिन म्हणतात), की नायडॉर्फचा प्रश्नच उरत नाही. मग हाताला घाम, घड्याळ पळतंय, आणि शेवटी घाईत चूक.

सुरुवातीच्या भेटी रडण्यात गेल्या. एकदा विचारलं, "सी-३ दिसलं की मनात काय येतं?"

"हे मला यायलाच हवं होतं. आता हरणार."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची समुपदेशक, म्हणजे भीतीमागचा हट्टी विचार शोधून तो तपासायला लावणारी. हा 'च' मला बहुतेक भीतींच्या बुडाशी सापडतो. तो नुसत्या समजुतीने निघत नाही, पुरावा लागतो. म्हणून पट मांडायला लावला. मला मोहरे कसे चालतात एवढंच माहीत, ते इथे पथ्यावर पडलं.

"ते प्यादं तिथे कशाला आलं?"

"डी-४ ला जोर द्यायला."

"मग त्यात पांढऱ्याचं काही बिघडलं का?"

ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच आमचं निम्मं काम. मग एकदम म्हणाली, "पांढऱ्या घोड्याची जागा गेली! मी डी-५ खेळले, मारामारी झाली, माझा वजीर मध्ये आला, तर एरवी घोडा सी-३ वर येऊन त्याला हुसकावतो. इथे त्याचंच प्यादं बसलंय!"

गंमत म्हणजे डी-५ तिच्या वहीत होतंच. ते तिथे का आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

मुलांना मी आता सांगते, वहीत चालीशेजारी कारण लिहा, आपल्या शब्दांत. कारण सुचेना तिथे पाठांतर थांबवा, मग आठच चाली झाल्या तरी चालेल. (पाठांतराला विटून माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये मोहऱ्यांची मागची रांग चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायचा प्रकार काढला. मांडण्या ९६०. करा पाठ!) आणि पालकांनो, "विसरलीस कशी?" हे नको. "स्वतःच्या डोक्याने कुठून खेळायला लागलीस?" हे विचारा.

ती अजूनही हरते. हल्ली तक्रार हत्तींच्या अंतिम डावांची (शेवटी पटावर हत्ती आणि थोडी प्यादी उरतात तेव्हाच्या खेळाची) असते. त्यासाठी तिला प्रशिक्षकांकडे पाठवलं.