फुकट ऑडिओबुक: पुस्तकाआधी वाचणारा शोधा

विरार-चर्चगेट रोजचा प्रवास, कानात काहीतरी धड हवंय, जुन्या इंग्रजी कादंबऱ्या, नवे स्वतंत्र लेखक आणि जमलं तर मराठीही, पण फुकट आणि चोरीचं नको, असा तुमचा प्रश्न आहे. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरणारी ऑडिओबुकं त्यामुळे आधीच बाद झाली, बरं झालं.

इंग्रजी अभिजात साहित्यासाठी सरळ लिब्रिवॉक्सवर जा. २००५पासून जगभरचे स्वयंसेवक तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात आणि त्या रेकॉर्डिंगवरही स्वतःचा हक्क ठेवत नाहीत. नावनोंदणी लागत नाही. फाइली इंटरनेट अर्काइव्ह या फुकट डिजिटल संग्रहावर असतात, त्यामुळे लिब्रिवॉक्सचं पान अडलं तर तेच पुस्तक तिथून उतरवता येतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. आवडत्या कादंबरीचं नाव टाकतात, पहिला निकाल उतरवतात आणि तिसऱ्या प्रकरणाला वैतागून सोडून देतात. कारण लिब्रिवॉक्सवर आवाजाची चाचणी घेऊन कोणाला घेत नाहीत, ज्याला वाचायचंय तो वाचतो. शिवाय बरीच पुस्तकं सामुदायिक असतात, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला वेगळा माणूस. काल ज्या पात्राचा आवाज डोक्यात बसला ते आज भलत्याच उच्चारात बोलतं. म्हणून सविस्तर शोधात (‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’) जाऊन ‘सोलो’ निवडा, म्हणजे अख्खं पुस्तक एकाच माणसाने वाचलेलं मिळेल. एकाच कादंबरीच्या अनेकदा दोन-तीन आवृत्त्या असतात, त्या सगळ्या पाहा. नमुना ऐकताना पहिलं प्रकरण नको, तिथे वाचणाऱ्याने जास्त जीव ओतलेला असतो. मधलं एखादं प्रकरण लावा, सुरुवातीची ‘हे लिब्रिवॉक्सचं रेकॉर्डिंग आहे’ ही ठरावीक घोषणा ओलांडा आणि दोन मिनिटं संवादांचा भाग ऐका. श्वासाचा आवाज, पंख्याची घरघर, वाक्याच्या शेवटी पडणारा सूर, सगळं तिथे कळतं. एकदा आवाज पटला की त्या वाचकाच्या नावावर क्लिक करा. त्याने वाचलेलं सगळं समोर येतं. माझ्या मते लिब्रिवॉक्स वापरायची खरी रीत हीच.

लोकलसाठी फाइली घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. मेट्रो तीनच्या भुयारात किंवा दोन स्टेशनांच्या मध्ये नेटवर्क गेलं की ऑनलाइन ऐकण्याचा विचका होतो. केबीपीएस म्हणजे आवाजाचा दर्जा: ६४ केबीपीएसची फाइल तासाला साधारण २९ एमबी खाते, १२८ची तासाला ५८. पंधरा तासांची कादंबरी ६४मध्ये ४३० एमबीच्या आसपास बसते आणि माणसाच्या एकट्या आवाजाला तेवढी पुरते, गाडीच्या खडखडाटात तर फरक कळतच नाही. सगळी प्रकरणं एकत्र बांधलेली झिप फाइल घेतलीत तर उघडताना दुप्पट जागा लागते, फोन भरलेला असेल तर तिथेच अडतं. येऊन-जाऊन अडीच तास धरले तर ही कादंबरी सहा दिवसांत संपते.

गाण्यांच्या प्लेयरमध्ये मात्र लावू नका. तो कुठे थांबलात ते विसरतो आणि शफल चालू राहिलं तर शेवट आधी ऐकवतो. अँड्रॉइडवर ‘व्हॉइस’, आयफोनवर ‘बुकप्लेयर’ ही फुकट अ‍ॅप्स पुरेशी आहेत. प्रत्येक पुस्तकाला वेगळं फोल्डर करा. वेग गर्दीत १.० ठेवा. घरी १.२५ सहज पचतो, दारात लटकताना नाही. (आणि तिथे एक कान मोकळा ठेवा, हे सांगायला नकोच.)

आता कायदा, कारण त्यात एक गोम आहे. लिब्रिवॉक्स अमेरिकेचा कायदा पाहतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. अगाथा ख्रिस्ती १९७६मध्ये गेल्या. त्यांची १९२०च्या दशकातली सुरुवातीची पुस्तकं अमेरिकेत मुक्त झाली आहेत, भारतात मात्र २०३६ संपेपर्यंत हक्क चालू आहे. मराठीतही हाच हिशेब. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११पासून मुक्त. खांडेकर १९७६मध्ये गेले, पु. ल. २०००मध्ये, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचं अख्खं वाचन कुणी यूट्यूबवर टाकलं असेल तर परवानगी घेतली आहे का, हे आधी पाहा. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी वारला म्हणून मराठी अनुवाद मोकळा होत नाही.

स्वतंत्र लेखकांसाठी इंटरनेट अर्काइव्हच्या ऑडिओ विभागात शोधा, पण प्रत्येक पानावर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे खुल्या वापराच्या परवान्याचं, चिन्ह असेल आणि अपलोड लेखकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने वाचणाऱ्याने केलं असेल तर निर्धास्त ऐका. परवान्याची ओळच नसेल तर सोडून द्या, तिथे कोणीही काहीही चढवतं. घरात लहान मूल असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, मराठीतही आहेत आणि काहींना आवाजाची जोड आहे.

मराठी अभिजात साहित्य तयार ऑडिओत कमी सापडतं, त्याला जुगाड आहे. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तक ईपब (ईबुकची फाइल) रूपात उतरवा आणि फोनकडून वाचून घ्या. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा, गूगलचं इंजिन निवडा, मराठीचा आवाज उतरवा आणि मोठ्याने वाचणाऱ्या कोणत्याही ईबुक अ‍ॅपमध्ये फाइल उघडा. दोन ठिकाणी फसतं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, यंत्र त्यातलं काही वाचत नाही. आणि जुन्या फॉन्टात टाइप केलेली, युनिकोड नसलेली फाइल असली की कानावर निव्वळ बडबड येते. एक परिच्छेद कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. अक्षरं नीट दिसली तर फाइल चालेल. उच्चारांची मात्र फार अपेक्षा नको. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगणं, यातला ‘ज’ वेगळा हे यंत्राला उमगेलच असं नाही. निबंध चालून जातात, कवितेची पार वाट लागते.

घरात कुणाला दृष्टीची अडचण असेल तर वाट आणखी सोपी आहे. वरळी सी फेसला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं कार्यालय आहे, तिथे बोलत्या पुस्तकांची चौकशी करा. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्वही घेता येतं. त्याला अपंगत्वाचा दाखला लागतो, पण कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीमुळे कॉपीराइट चालू असलेली पुस्तकंही अशा वाचकांना कायदेशीरपणे मिळू शकतात. तुम्हाला स्वतःला ती सवलत नाही.